दुर्बिणीतला केस

आमच्या धंद्यात 'केस तुटला' म्हणतात. डंपी लेव्हलची पेटी खांद्यावर घेऊन एखादा ओव्हरसियर दुकानाच्या पायरीशी यायचा, "केस तुटलाय, परवा साइटवर जायचंय," एवढंच बोलायचा, आणि वस्ताद मान वर न करता हात पुढे करायचे. दुर्बिणीतून पाहताना मधोमध जी उभी-आडवी रेघ दिसते, ती म्हणजे केस. माणसाचा नव्हे, कातिणीचा. हल्ली कोळी म्हणतात, वस्ताद कातिणच म्हणायचे.

१९६६ साली मॅट्रिकला गणितात गचकलो आणि सदाशिव पेठेतल्या एका बोळात मोजणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या या दुकानात झाडू मारायला लागलो. पुढची चाळीस वर्षं तिथेच गेली. गणितात गचकलेल्या पोराला गुणोत्तर शिकवलं ते त्या केसांनीच.

धागा मिळवायचा हंगाम असे. पावसाळा सरला की दसऱ्याच्या आगेमागे आम्ही पर्वतीच्या मागच्या झुडपांत जायचो. जाळ्यातला धागा उपयोगाचा नाही, तो चिकट असतो, धूळ धरतो. कातिण स्वतः लोंबकळताना मागे जो धागा सोडते तो हवा. तिला काडीवर घ्यायची, हलकासा झटका द्यायचा. ती खाली सुटते, आणि सुटता सुटता धागा काढते. खाली पितळी पट्टीची इंग्रजी यू-सारखी वाकवलेली काटी धरून तिच्यावर तो फेऱ्याफेऱ्यांनी गुंडाळायचा. फेऱ्यांमध्ये बोटभर अंतर. मग काटी झाकणाच्या डब्यात. एका काटीवर वर्षभराचं काम निघायचं. हा धागा माणसाच्या केसाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतका बारीक असतो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही, उजेडात तिरका धरला तर चमकतो आणि गायब होतो.

तो बसवायचा डायफ्रामवर. रुपयाएवढी पितळी कडी, तिच्या तोंडावर सुईने ओढल्यासारखे बारीक चरे. धागा आधी ओलसर करायचा, नाहीतर तो कोरडा ताणून बसवला की आषाढातल्या दमट हवेत सैल पडतो आणि सरळ रेघेची दोरी होते. ओलसर धागा चऱ्यावर टेकवायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा एक ठिपका टाचणीच्या टोकाने दोन्ही बाजूंना, आणि श्वास रोखून बसायचं. श्वास रोखायचा तो एकाग्रतेसाठी नाही. नाकातून हवा आली की धागा उडतो.

लेव्हलमध्ये मधल्या आडव्या केसाच्या वर एक आणि खाली एक असे आणखी दोन आखूड केस असतात. त्यांना स्टेडिया म्हणतात. अंतर मोजणारे ते हेच दोघे. समोर खलाशी उभी पट्टी धरतो, वरचा केस पट्टीवर कुठे पडतो आणि खालचा कुठे ते वाचायचं, वजाबाकी करायची, शंभराने गुणायचं. पट्टीवर अर्धा मीटर दिसला तर खलाशी पन्नास मीटरवर. एवढं सोपं होण्यामागे आमची घासाघीस असे. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर पंचवीस सेंटिमीटर असेल, तर या दोन केसांत नेमके अडीच मिलिमीटर हवेत. एक केस पाव दशांश मिलिमीटरने सरकला की शंभर मीटरला मीटरभर चूक. पहिल्या वर्षी मी बसवलेल्या केसांनी वस्तादांनी एका कालव्याची लांबी कागदावर मोजून दाखवली होती. कालवा डोंगरात घुसला होता.

हे सगळं आठवायचं कारण एक बंदुकीची दुर्बीण.

१९७४-७५चा सुमार असेल. एका जुन्या संस्थानिक घराण्यातले वयस्क गृहस्थ पांढऱ्या टोपीत दुकानात आले. सोबत गड्याच्या हातात मखमलीत गुंडाळलेली जर्मन बनावटीची, चौपट मोठं दाखवणारी रायफलची दुर्बीण. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला होता. शिकारीचे दिवस सरल्याचं त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "वापरायची नाही, पण मोडकी ठेवायची नाही," असं म्हणाले. आतली एक पट्टी निखळून नळीत खुळखुळत होती.

वस्ताद त्या आठवड्यात कोल्हापूरला गेलेले. मी दुर्बीण उघडली आणि आतली चौकट बघून हसलो. खालून एक जाड, टोकदार खुंटी मधोमध वर आलेली आणि डावी-उजवीकडून दोन जाड पट्ट्या मध्याच्या थोड्या अलीकडे थांबलेल्या. कातिणीचा धागा हाताळणाऱ्याला ते बैलगाडीचं जू वाटलं. मी ती सगळी लोखंडपट्टी काढली आणि हौसेने, न विचारता, त्या जागी धाग्याची सुबक फुली बसवली.

ते गृहस्थ पुन्हा आले ते संध्याकाळी. दुर्बीण डोळ्याला लावली, बोळाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. "गच्ची आहे का?" एवढंच विचारलं. गच्चीवर गेलो. दिवेलागण झालेली, समोरच्या वाड्यातल्या कडुनिंबाचा नुसता काळा ढीग दिसत होता. "आता तू बघ," म्हणाले. मी पाहिलं. झाड दिसत होतं, झाडावरचे कावळेसुद्धा दिसत होते. फुली नव्हती. अंधारात धागा विरघळून गेला होता.

"पोरा," ते म्हणाले, "तुझी यंत्रं दिवसाची. मचाणावर बसलेल्या माणसाचं काम याच वेळेला सुरू होतं."

त्यांना काम पुन्हा करून देताना मी फ्लेक्स वायरमधली तांब्याची तार ऐरणीवर चपटी केली, कानशीने टोक काढलं, काजळी धरून काळी केली. नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की मी ज्याला जू म्हटलं ते जर्मन-ऑस्ट्रियन शिकाऱ्यांचं पहिल्या क्रमांकाचं ठरलेलं चिन्ह. तिकडचे लोक रानडुकरासाठी रात्री उंच बैठकीत बसतात, त्यांना फुली नको, खुंटीच हवी. तिचा तोटाही उघड आहे. गोळी जसजशी लांब जाते तशी खाली पडते, म्हणून लांबच्या जनावरावर थोडं वर धरावं लागतं, आणि वर धरलं की खुंटीच जनावराला झाकते. माळावर, उन्हात, तीनशे मीटरवर धाग्याची फुली बरी. रानात, मावळतीला, साठ मीटरवर खुंटी बरी. कुठली चांगली असं विचारणाऱ्याला 'कुठे आणि किती वाजता' असं उलट विचारावं लागतं.

मग मला या केसाचं मूळ शोधायचा नाद लागला. ग्रंथालयात बसून जमेल तेवढं वाचलं.

सुरुवात कातिणीनेच केलेली निघाली. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मिडलटनला विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण आकाशाचा अभ्यास करत होता. १६४०च्या आसपास त्याच्या दुर्बिणीच्या नळीत एका कातिणीने धागा ओढला, आणि सूर्यावर प्रयोग करताना त्याला चित्राइतकाच स्पष्ट धागाही दिसला. दुसरा कुणी असता तर नळी फुंकून साफ केली असती. याच्या लक्षात आलं की धागा योगायोगाने नेमका त्या जागी पडलाय जिथे पुढच्या भिंगाने चित्र उभं केलेलं असतं. म्हणजे तिथे ठेवलेली कुठलीही वस्तू चित्राच्याच पातळीवर दिसणार, डोळा हलला तरी वस्तू आणि चित्र एकमेकांवरून सरकणार नाहीत. गॅलिलिओच्या धर्तीच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग खोलगट असतं, तिथे ही जागाच नळीत नसते. दोन्ही भिंगं फुगीर असतील तरच ती मिळते. गॅस्कॉइन तिथेच थांबला नाही. त्याने स्क्रूने जवळ-दूर होणाऱ्या दोन पात्या त्याच जागी बसवून चंद्राची आणि ग्रहांची रुंदी मोजली. २ जुलै १६४४ला मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना तो मेला, तिशीच्या आसपास. सुतावरून स्वर्ग गाठणं आपण चेष्टेने म्हणतो. या माणसाने ते अक्षरशः केलं.

स्वर्गातून हे तंत्र जमिनीवर आलं ते उलटं होऊन. गॅस्कॉइन पात्या हलवून वस्तूची रुंदी काढत होता. पात्या जागेवर पक्क्या ठेवल्या आणि समोरच्या वस्तूची उंची आधीच माहीत असली, तर त्याच गणितातून अंतर निघतं. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट तेव्हा स्कॉटलंडमध्ये कालव्यांची पाहणी करत असे; १७७१ साली त्याने असे केस लावलेली दुर्बीण वापरली. खाडी मध्ये आली की साखळी ओढता येत नाही, पण पलीकडे माणूस पट्टी धरून उभा राहू शकतो. आमच्या शंभरच्या पाढ्याचं कूळ तिथलं.

बंदुकीवर ही गोष्ट कुणी नेली? मी सैन्यातला किंवा शिकारी माणूस शोधत होतो. सापडले मोजणीवाले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा मॉर्गन जेम्स हा बंदूक घडवणारा. त्याला दुर्बिणीची कल्पना देणारा जॉन रॅटक्लिफ चॅपमन. सुधारलेल्या अमेरिकन रायफलीवर चॅपमनने १८४८ साली पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर नावापुढे लिहिलंय: सिव्हिल इंजिनियर. त्यांची दुर्बीण बंदुकीच्या नळीइतकीच लांब असायची, पातळ नळकांडं, आत बारीक फुली. ते वाचून मला बरं वाटलं. आमच्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहण्यासारखा माणूस.

दुसरा तर आपल्या घरचाच म्हणायचा. डेव्हिड डेव्हिडसन, स्कॉटलंडच्या हॅडिंग्टनचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर एक गुंठा आहे त्याचाही या माणसाशी संबंध येतो. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीनमोजणी सुरू केली, तिचे नियम १८४७च्या जॉइंट रिपोर्टमध्ये पक्के झाले, आणि त्या रिपोर्टवर तिसरं नाव कॅप्टन डेव्हिडसनचं. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, जमिनीची प्रतवारी हे सगळं त्या घडीतून आलेलं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस की एकर. सातबारा हातात घेऊन भांडणारे दोघे भाऊ या साखळीवरच भांडत असतात.

हाच डेव्हिडसन हिंदुस्थानात असताना बंदुकीवर दुर्बीण बसवण्याच्या खटपटी करत होता. का, ते मला दख्खनचा माळ पाहिलेला असल्यामुळे समजतं. इंदापूर-बारामतीकडे जुन्या काळी काळविटांचे कळप असत. तिथे झाड नाही, आडोसा नाही, हवा इतकी स्वच्छ की दूरचं जवळ वाटतं, आणि बारानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे जवळचं थरथरतं. जनावर माणसाला पाव कोसावरून बघतं. नुसत्या डोळ्याने बंदुकीची माशी त्याच्या छातीवर धरली तर माशीनेच जनावर झाकलं जातं. तिथे भिंग हवं आणि बारीक फुली हवी. पुढे मायदेशी गेल्यावर डेव्हिडसनने आपली दुर्बीण व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलीवर बसवली, तीही डाव्या बाजूला. १८६१ ते ६५च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे ती होती. धक्क्याने दुर्बीण मागे येऊन त्यांचे डोळे काळेनिळे व्हायचे, असं सांगतात.

डेव्हिडसनने स्टेडियाचे केस बंदुकीत नेले असं मी म्हणत नाही. महसुली मोजणीत दुर्बिणीचं काम थोडं, साखळी आणि शंकूच जास्त. माझं म्हणणं इतकंच की दहा-पंधरा वर्षं रोज साखळी पडताना पाहिलेल्या माणसाला 'सुमारे दोनशे पावलं' असा शब्द तोंडातून काढताना लाज वाटत असणार. बंदुकीची ही शाखा शिकाऱ्याच्या धाडसातून फुटलेली नाही, मोजणीवाल्याच्या संशयी स्वभावातून फुटली आहे.

लेव्हलमध्ये आणि रायफलच्या दुर्बिणीत एक फरक मात्र मोठा. आमच्या जुन्या लेव्हलींत चित्र उलटं दिसायचं. खलाशी डोक्यावर उभा. सवय झाली की काही वाटत नाही. मला तर रस्त्यावर माणसं सुलटी दिसली की क्षणभर चुकल्यासारखं व्हायचं. शिकाऱ्याला उलटं हरीण चालत नाही, म्हणून नळीत चित्र पुन्हा सुलटं करणारी जास्तीची भिंगं घालतात. त्यामुळे चित्र दोनदा उभं राहतं, एकदा पुढे, एकदा मागे, आणि केस बसवायला दोन जागा होतात. लहान-मोठं करता येणाऱ्या दुर्बिणीत याला फार महत्त्व. पुढच्या जागी बसवला तर चित्र मोठं केल्यावर केसही जाड होतो, पण त्याचं माप कायम खरं राहतं. मागच्या जागी बसवला तर केस नेहमी सारखाच नाजूक दिसतो, मात्र अंतराचं माप एकाच ठरलेल्या पटीवर खरं. युरोपातले लोक बराच काळ पुढच्या जागेला धरून राहिले, अमेरिकेने मागची पसंत केली. मला विचाराल तर माप खोटं सांगणारी सुंदर रेघ मला नको. पण मी कधी हरणावर नेम धरलेला नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे, कारण त्यातली बरीच कल्पकता आधीच खर्च झाली होती. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला टी. के. ली नावाचा माणूस कातिणीच्या धाग्यांच्या फुलीवर मधोमध ठिपका बसवून द्यायचा. तो ठिपका त्याच्याच नावाने ओळखला जाई. कॅलिफोर्नियात नॅन साँगर या बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कातिणी पाळून दुर्बिणींसाठी धागा पुरवला. हे वाचलं तेव्हा वस्ताद हयात नव्हते. असते तर पर्वतीमागच्या झुडपांना कुंपण घालू म्हणाले असते. १९६२ साली ल्युपोल्ड कंपनीने कडेला जाड आणि मध्याशी एकदम बारीक होणारी फुली काढली, आणि माझ्या गच्चीवरचं भांडण आधीच मिटवून ठेवलं: मावळतीला जाड पट्ट्या नजरेला मध्याकडे नेतात, दिवसा बारीक भाग नेम देतो. आज पुष्कळ दुर्बिणींत याच घराण्याची रेघ दिसते.

अंतराच्या बाबतीत साठच्या दशकात रेडफील्डने दोन आडव्या रेघा घातल्या. हरणाची पाठ ते छातीचा तळ हे माप अठरा इंच धरायचं, दुर्बिणीची पट फिरवत ते त्या दोन रेघांत नेमकं बसवायचं, आणि अंतर वाचायचं. पट्टीची जागा हरणाने घेतली. सोव्हिएत ड्रॅगुनोव्ह रायफलीच्या दुर्बिणीत तर खालच्या कोपऱ्यात एक उतरती वक्र रेघ आहे. तिच्याखाली १.७ मीटरची वस्तू उभी करून पाहायची. हे माप कुठल्याही जनावराचं नाही. अमेरिकन मरीन्सच्या मिल-ठिपक्यांचा हिशेब तोफखान्यातला: हजार मीटरवर जे मीटरभर दिसतं ते एक मिल. या सगळ्यांत वॅटच्या कालव्यापलीकडचं काही नाही. समोरच्या वस्तूची उंची आधी माहीत असली पाहिजे. जनावर मनात धरलेल्या मापापेक्षा दहा टक्के लहान निघालं, तर २७० मीटरवरचं ३०० मीटरवर वाटणार, आणि गोळी त्याच्या पाठीवरून जाणार. आपल्याकडे काळवीट खांद्याला ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास आणि सांबर दीड मीटरपर्यंत. संध्याकाळच्या धूसर उजेडात पोरवयाचं सांबर आणि पूर्ण वाढलेला चितळ यांतला फरक करताना भलेभले चुकत असतील.

त्या गृहस्थांची दुर्बीण दुरुस्त झाली त्या दिवशी ते दुपारीच आले. वस्ताद परतले होते. गच्चीवर गेलो. खुंटी आणि दोन पट्ट्या पाहून म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "या दोन पट्ट्यांच्या मधली फट बघितलीस? शंभर मीटरला सत्तर सेंटिमीटर. एवढंच जनावर त्यात आडवं बसलं की शंभर मीटर. अर्ध्यात बसलं की दोनशे." त्यांनी बोळाच्या टोकाला नळाशी उभी असलेली एक शेळी टिपली. "बरोब्बर बसली. शंभर."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणि शेजारचा शाळकरी पोरगा तीस मीटरचा टेप घेऊन खाली उतरलो. दोन टेप पुरे, तिसरा अर्धवट. गच्चीची उंची चार-पाच मीटरची, तिने फारसा फरक पडत नाही. वर येऊन सांगितलं: ब्याऐंशी.

म्हातारे दचकले नाहीत. पुन्हा दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं. "तिरकी उभी होती," म्हणाले. "लांबीने आखूड दिसली, म्हणून लांब वाटली."

"आमचा खलाशी तिरका झाला तर आम्ही ओरडतो, पट्टी सरळ धर म्हणून," वस्ताद म्हणाले.

"ओरडलं तर पळून जातं ना, वस्ताद."

दोघं खूप वेळ हसत राहिले. शाळकरी पोरगा टेप गुंडाळत होता. त्याने विचारलं, शेळीला सरळ उभी करून परत मोजायचं का? आम्ही सगळ्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. नळाशी आता फक्त कळशी होती.